प्रकल्प नोंदी: विहिरीचा सेन्सर आणि लॅपटॉपची बिजागरी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. आमची विहीर ३२ फूट. हिंगणघाट तालुक्यात, वणा नदी फार लांब नाही तरी मे महिन्यात तळ दिसते. तीन फेजची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, बाबा टॉर्च घेऊन वावरात जातात आणि तिथं गेल्यावर कळते की पाणी मोटारीच्या खाली गेलंय. म्हणून विहिरीत प्रेशर सेन्सर सोडायचा, वर एक ईएसपी ३२ चा बोर्ड (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर), सोबत सिमचं मॉड्यूल, आणि पाणी किती फूट आहे ते बाबाच्या साध्या फोनवर मेसेजने आलं पाहिजे. एवढंच.

अल्ट्रासॉनिकवाला स्वस्त सेन्सर आधी पाहिला होता पण तो चारपाच मीटरच्या पुढे भरवशाचा नाही, उन्हाळ्यात उपयोग काय. म्हणून तळाशी सोडायचा ० ते १० मीटरचा घेतला, ४ ते २० मिलिअँपिअर आउटपुट. मधात १२० ओहमचा रेझिस्टर टाकला की २० मिलिअँपिअरला २.४ व्होल्ट येतात, बोर्डाला झेपते. आज टेबलावर बादलीत बुडवून रीडिंग घेतले, बरोबर येऊन राहिले.

कोड सगळा लॅपटॉपवर. हाच लॅपटॉप दुकानातही चालतो, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, पोटापाण्याचं तेच. मागच्या दसऱ्याला घेतला, बिलावर १२ ऑक्टोबर २०२४, एक वर्ष वॉरंटी.

झाकण उघडताना डाव्या बाजूला कटकट आवाज येते. पाहू.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाहायची गरजच नाही राहिली. सकाळी दुकान उघडलं, झाकण वर केलं आणि डाव्या कोपऱ्यातून कट् करून आवाज. झाकणाची मागची प्लास्टिक आणि स्क्रीनची चौकट एकमेकांपासून बोटभर सुटली. फटीतून टॉर्च मारून पाहिलं तर बिजागरीचा पत्रा दिसतो, त्याचे दोन स्क्रू जागेवर आहेत, स्क्रू ज्या पितळी नटात बसतात ते नटही स्क्रूलाच आहेत, पण नट ज्या प्लास्टिकच्या बोंडात बसवले होते ते बोंड मुळासकट उपटून आलं. पांढऱ्या चिरा पडल्यात प्लास्टिकला. म्हणजे लोखंड शाबूत, पितळ शाबूत, प्लास्टिक गेलं.

झाकण एका ठराविक कोनाच्या पुढे नेलं की स्क्रीन फडफडते, मग काळी. डिस्प्लेची केबल त्याच बिजागरीच्या बाजूनं जाते, ती ताणली जात असणार. मशीन आतून चालू आहे. एचडीएमआयची वायर लावून घरच्या टीव्हीला जोडला तर सगळं व्यवस्थित दिसते.

पडला नाही, आपटला नाही, त्याच्यावर कोणी बसलं नाही. दुकानात टेबलावर असते, रात्री बॅगेत. बाबा म्हणे, "वॉरंटी हाय ना? मंग कायले तोंड पाडून बसला, दे पाठून."

१८ ऑगस्ट, सोमवार

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली, बोलायला चांगली होती. सिरीयल नंबर घेतला, वॉरंटी चालू आहे म्हणाली. मी म्हटलं माझ्या बिलासोबत ऑनसाइट सर्व्हिस लिहून आहे, माणूस घरी येणार ना? तिनं पिन कोड विचारला. सांगितला. थांबली. "सर, आपला पिन कोड ऑनसाइटमध्ये येत नाही, आपल्याला कॅरी इन करावं लागेल." म्हणजे उचला आणि नागपूरला न्या.

विकताना पिन कोड कोणी विचारला नव्हता. पैसे गावच्या पिन कोडवरून बरोबर पोचले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आज काम बंद. बैल धुतले, खांदेमळणी काल झाली, संध्याकाळी तोरणाखाली गर्दी. शेजारच्या काकाजींची जोडी या वर्षी नाही, ट्रॅक्टर घेतला त्यांनी, तरी झडत्या म्हणायला सगळ्यात पुढे तेच.

२३ ऑगस्ट, शनिवार

नागपूर. जामच्या चौकातून बस धरली, बुटीबोरीनंतर गाडी हळू झाली ती झालीच. आज तान्हा पोळा, म्हणजे नागपुरात मारबत, वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक. गणेशपेठला उतरलो, ऑटोवाला म्हणे इतवारी महालकडून जाणं होतच नाही, मारबत निघाल्या, फिरून जावं लागते. लांबून ढोल ऐकू येत होते आणि ते "घेऊन जा गे मारबत". काळी पिवळी मारबत आणि सोबत बडगे, दरवर्षी ज्याच्यावर लोकांचा राग तो बडग्यात. मी बॅग मांडीवर धरून बसलो, माझ्याजवळही एक नाव होतं त्या दिवशी, पण ते परत येताना सुचलं.

सर्व्हिस सेंटर चकाचक. काचेचा दरवाजा, टोकन, एसी. काउंटरवरच्या पोरानं लॅपटॉप हातात घेतला, झाकण उघडलं नाही, फट पाहिली आणि म्हणाला, "सर, ये फिजिकल डॅमेज में आता है." मी म्हटलं भाऊ आधी खोलून तर पाहा, आत काय तुटलं ते. म्हणे खोलायची परवानगी त्याला नाही, फोटो काढून वर पाठवते, वरून उत्तर येते. चार बाजूनं फोटो काढले. पाऊण तासानं उत्तर आलं: कस्टमरने केलेलं नुकसान, वॉरंटीत नाही. ज्यानं हे ठरवलं त्यानं लॅपटॉप पाहिला नाही, आणि ज्याच्या हातात लॅपटॉप होता त्याला ठरवायचा अधिकार नाही.

एस्टिमेट १७,९०० रुपये अधिक जीएसटी. एवढे कसे म्हटलं तर बिजागरी सुटी मिळत नाही, केबल सुटी मिळत नाही, झाकण सुटं मिळत नाही. पूर्ण डिस्प्ले असेंब्ली बदलायची, स्क्रीन चांगली असली तरी. आणि जुनी स्क्रीन? ती कंपनीकडे जमा. म्हणजे माझीच चांगली स्क्रीन मी पैसे देऊन त्यांना द्यायची. नवीन म्हणून जी लागेल ती नवीनच असेल असंही नाही, दुरुस्त केलेला पार्टही चालते असं त्यांच्या अटीत आहे, आणि त्या पार्टवर ९० दिवस.

जॉब शीटवर सही मागितली. तिच्यात छापून होतं की वरील तपासणी मला मान्य आहे. मी त्याच्या खाली पेनानं लिहिलं, "तपासणी झालेली नाही, मशीन उघडलेली नाही, निष्कर्ष अमान्य", मग सही केली. पोरगा घाबरला, म्हणे सर असं लिहिता येत नाही. आता लिहिलं ना. त्या कागदाचा फोटो तिथंच काढला. हा फोटो जपून ठेवायचा, पुढे सगळ्यात कामाचा कागद हाच आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

वॉरंटीचं पूर्ण बाड डाउनलोड करून टीव्हीवर वाचलं, बारीक अक्षर ४२ इंचावर वाचायला बरं पडते. दोन गोष्टी.

एक, "मटेरियल आणि कारागिरीतील दोष" कव्हर आहे. प्लास्टिकचं बोंड नटासकट उपटून येणं हे मटेरियल नाही तर काय? बिजागरीत घर्षणानं पकड धरणारा भाग असतो, तो जेवढा कडक तेवढा झाकण उघडताना सगळा जोर त्या दोन नटांवर येतो. वर लांब झाकण, खाली दोन छोटी बोंडं, रोजची उघडझाप. पत्रा जाड ठेवला आणि प्लास्टिक पातळ ठेवलं तर तुटणार कोण हे सांगायला इंजिनिअर नाही लागत. जाहिरातीत मात्र पातळ म्हणूनच विकला.

दोन, आणि हे वाचून मी आईला हाक मारून दाखवलं, वापरायचं तापमान ३५ अंशापर्यंत. त्याच्या वरच्या वातावरणात वापरल्यानं झालेलं नुकसान वॉरंटीबाहेर. विदर्भात! मार्चच्या शेवटापासून आमच्याकडे ४० असते, मे महिन्यात ४५. म्हणजे वर्षाची वॉरंटी म्हणजे आम्हाला आठ महिन्यांची, बाकीचे दिवस लॅपटॉप गोधडीत गुंडाळून ठेवायचा. आई म्हणे, "मंग इकडं इकतेत कायले?" याच्यावर मला काही सुचलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

ईमेल केला, फोटो जोडले, तीन प्रश्न विचारले. मशीन न उघडता दोष कोणाचा हे कसं ठरवलं? बिजागरी सुटी का मिळत नाही? ऑनसाइट पिन कोडवर अवलंबून आहे हे विकताना कुठं लिहिलं होतं? उत्तर दोन तासात आलं, मला वाटलं वा. वाचलं तर "आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे" आणि खाली पुन्हा तेच एस्टिमेट. तीनपैकी एकाही प्रश्नाला हात नाही लावला.

४ सप्टेंबर, गुरुवार

१९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येते, हे सांगून ठेवतो कारण आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटते की तिथं इंग्रजीच लागते. तक्रार नोंदवून नंबर दिला. पण हे कोर्ट नव्हे, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर आणून देतात, हुकूम देत नाहीत. तरी कंपनीची एक वेगळी टीम या तक्रारी पाहते म्हणून करून पाहावं.

सेन्सरचं: विहिरीत सोडायची केबल आली. आत हवेची बारीक नळी असते, तिचं तोंड वर कोरडं राहिलं पाहिजे नाहीतर पावसाळ्यात रीडिंग भरकटते. डब्यात सिलिकाची पुडी टाकली.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोटार जळाली. सेन्सरचा काही संबंध नाही, पाणी भरपूर आहे. रात्री एक फेज गेली, मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली आणि वाइंडिंग गेलं. प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारा डबा, होता, पण बाबानं तो बायपास करून ठेवलेला, घडीघडी ट्रिप होते म्हणून. असो.

हिंगणघाटला वाइंडिंगवाल्या काकाजींकडे नेली. लिहून ठेवतो कसं काम झालं ते. माझ्यासमोर मोटार उघडली. रोटर बाहेर काढला, स्टेटर उन्हात आणून मला वाकून पाहायला लावलं: "हे पाय, दोन पट्टे काळे अन् एक तांबूस हाय तसाच. फेज गेली होती तुई." दोष काय, कशानं, कोणाचा, सगळं पाच मिनिटात, आणि मला दिसेल असं. मग जळकी तार कापून काट्यावर ठेवली, तांब्याचा भाव लावला आणि तेवढे पैसे मजुरीतून वजा केले. कारण तांबं माझं आहे. बेअरिंग चांगली होती, तीच बसवली. स्टेटरवर खडूनं बाबाचं नाव लिहिलं आणि म्हणे परवा संध्याकाळी ये. एस्टिमेट नाही, टोकन नाही, खेद नाही.

मी विचारलं, काकाजी, जळालेली मोटार न उघडताच तुमी म्हटलं की मालकानं जाळली, पूर्ण नवीन घ्या, अन् जुनी इथंच ठेवा, तर? म्हणे, "पोट्टे दुकान फोडतीन माह्यं."

१७ सप्टेंबर, बुधवार

हेल्पलाइनकडून कंपनीचं उत्तर. "कंपनीच्या धोरणानुसार सदर नुकसान वॉरंटीच्या कक्षेत येत नाही." तक्रार बंद. धोरण हा शब्द चार ओळीत तीनदा आलाय. कोणी ठरवलं हे धोरण, कुठं छापलं? मी मागितलं तर ते अंतर्गत आहे म्हणतात. म्हणजे मी ज्या नियमानं हरलो तो मला वाचायला मिळत नाही.

पाऊस थांबायचं नाव नाही. सोयाबीन गेल्यात जमा, कपाशीत पाणी साचलं, खालची बोंडं सडून राहिली. दुकानात सगळे पंचनामा आणि ई-केवायसीचं विचारायला येतात आणि मी त्यांना टीव्हीकडे तोंड करून बसवतो, कारण लॅपटॉप भिंतीला टेकवून मागे वायर ओढली आहे. एक आजी म्हणे, "सातबारा टीव्हीवर लागला का रे आता?"

२४ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा नागपूर, यावेळी सीताबर्डी. एका ओळखीच्या पोरानं सांगितलेला रिपेअरवाला, जिन्याखाली दुकान, टेबलभर स्क्रू. लॅपटॉप पाहिल्याबरोबर मॉडेलचं नाव त्यानंच सांगितलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला, आत नुसत्या बिजागऱ्या आणि उपटलेले पितळी नट. "याच सिरीजचे आहेत भाऊ, बहुतेक डावीच जाते, केबल त्याच बाजूनं आहे ना." कंपनीच्या लेखी या डब्यातल्या प्रत्येक बिजागरीचा मालक आपापल्या घरी आपापला लॅपटॉप आपटून आलेला.

त्याचा इलाज: उपटलेलं बोंड साफ करून नट परत बसवायचे, भोवती इपॉक्सी भरायचा, आणि भरवसा पाहिजे तर झाकणातून आरपार बारीक बोल्ट. बोल्टची डोकी बाहेर दिसतात, पण सुटत नाही. केबल ३० पिनची, वेगळी मिळते. सगळे मिळून १,८००. १७,९०० आणि १,८००, मधला फरक कशाचा हे कोणी मला समजावून सांगावं.

पण त्यानं उघडला की कंपनी म्हणणार बाहेर खोलला, वॉरंटी खलास. ११ ऑक्टोबरपर्यंत वॉरंटी आहे. म्हणून हात नाही लावू दिला.

बोलता बोलता तो त्याचंही रडगाणं सांगून गेला. बोर्डाचे नकाशे कंपनी देत नाही, पार्ट अधिकृत दुकानाबाहेर विकत नाही, मग भंगारातल्या मशीनी फोडून पार्ट काढायचे नाहीतर दिल्लीहून मागवायचे, आणि वरून कंपनीच सांगते की बाहेरचा पार्ट डुप्लिकेट असते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री बसून राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं, वाचलं. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये यासाठी समिती केली, चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. पोर्टलही आहे. माझ्या कंपनीच्या माहितीतून शेवटी हातात काय आलं, तर तोच हेल्पलाइन नंबर. सुटा पार्ट, किंमत, उघडायची पद्धत, काही नाही. पोर्टलवर नाव असणं आणि दुरुस्त करू देणं यात बरंच अंतर आहे.

२०२४ मध्ये अजून एक समिती, वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरवायला, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. त्यात आधी मोबाइल आणि टॅबलेट. महत्त्वाच्या पार्टच्या यादीत बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग पोर्ट आणि चक्क बिजागरी पण आहे! पण ती घडीच्या फोनची. लॅपटॉपवाल्यांनी रांगेत थांबावं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवरही दहापैकी गुण छापावे लागतात, त्यात सुट्या पार्टची उपलब्धता आणि किंमत दोन्ही धरतात. माझ्या मॉडेलला बिजागरीचे किती मिळाले असते, पाहायला आवडलं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटून झालं. वर्धेचे एक वकील आमच्या नात्यात लागतात, मामा म्हणतो मी त्यांना, त्यांच्याकडे कागद घेऊन बसलो. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं:

२०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं हेडऑफिस कुठंही असो. म्हणजे वर्धा. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षं. ऑनलाइनही दाखल होते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला ३० दिवसात उत्तर द्यावं लागते, आयोगानं दिले तर अजून १५. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण मामा म्हणे, "मी हावो ना, कायले चिंता करतं."

एक गोम आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, आणि मी तर दुकानात वापरतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. माझ्या दुकानात नोकर नाही, बिल माझ्या नावावर आहे. कंपनी हा मुद्दा काढणारच, मामा म्हणे काढू दे.

दुसरी गोम जास्त डोकं खाणारी. वस्तूत दोष आहे हे सिद्ध कोण करणार? मी. नुसत्या फोटोवर भागत नाही, जाणकाराचं लेखी मत पाहिजे, गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकते. म्हणजे दुरुस्त केला तर पुरावा जाते आणि नाही केला तर दुकान टीव्हीवर. भांडायचं असेल तर मोडकंच वापरा. ज्याला कमाई थांबवणं परवडते त्यालाच भांडणं परवडते, आणि हे कंपनीला चांगलं माहीत आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

मामानं पाठवलेली नोटीस पोचली वाटते, कारण आज कंपनीतून स्वतः फोन आला, आवाज एकदम वरच्या मजल्याचा. "खास बाब म्हणून" पार्टच्या किमतीत ५० टक्के सूट. मी विचारलं, दोष माझा असेल तर सूट कशाची, आणि तुमचा असेल तर अर्धे पैसे कशाचे? म्हणे हा गुडविल आहे सर. सोबत एक पत्र सही करून पाहिजे की नुकसान वापरामुळे झालं आणि याबाबत पुढे तक्रार करणार नाही.

बाबाचं मत होतं घेऊन टाक, नऊ हजारात भानगड मिटते. मोटारीला पैसे गेले, सोयाबीनचं काही खरं नाही, आणि मी एका प्लास्टिकच्या बोंडापायी वर्ध्याच्या चकरा मारणार. त्यांचं चुकत नाही. पण ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा तेच म्हणाले, "म्या नाही केलं तं म्या केलं असं लिहून कायले द्याचं? नाही देत म्हण."

नाही देत म्हटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वॉरंटी शनिवारी संपली. मला त्याची आठवण कंपनीच्याच मेसेजनं दिली, वॉरंटी वाढवायची असेल तर ४,९९९ भरा, खाली हसरा चेहरा. तक्रार मुदतीतलीच आहे त्यामुळे केसला फरक पडत नाही.

लेखी मताचं काम अडलं होतं. सीताबर्डीवाला तोंडी सगळं सांगते पण लेटरहेडवर द्यायला तयार नाही, म्हणे उद्या त्याच कंपनीचे पार्ट कोणाकडून घेऊ, अन् कोर्टात बोलावलं तर दुकान कोण पाहील. त्याला दोष देत नाही. शेवटी मी जिथं डिप्लोमा केला तिथले मेकॅनिकलचे एक सर तयार झाले. रविवारी त्यांच्यासमोर आणि अजून एका साक्षीदारासमोर झाकण उघडलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ, कट नाही. उपटलेली बोंडं पट्टीच्या बाजूला ठेवून फोटो. सरांनी व्हर्नियरनं बोंडाच्या भिंतीची जाडी मोजली, एक मिलिमीटरसुद्धा भरली नाही. बाहेरून मार लागल्याची खूण झाकणाच्या कुठल्याही कोपऱ्यावर नाही, बिजागरीचा पत्रा वाकलेला नाही, हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. आपटला असता तर कोपरा आधी बोलला असता, हे त्यांचं वाक्य रिपोर्टात नाही पण मला आवडलं.

तुटलेले तुकडे सीलबंद पाकिटात, पाकिटावर तिघांच्या सह्या.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तक्रार दाखल. मागणी: दुरुस्तीचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च, मानसिक त्रासाचे थोडे, आणि एक जास्तीची, की न उघडता दोष ग्राहकावर टाकायची पद्धत बंद करा. मामा म्हणे ही शेवटची मिळेल का नाही सांगता येत नाही, पण लिहायला काय जाते.

पुरावा सीलबंद झाल्यावर लॅपटॉप अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता, सीताबर्डीला देऊन आलो. आरपार बोल्टच टाकायला लावले. झाकणावर चार काळी डोकी दिसतात, आई म्हणे बटनं लावल्यासारखं दिसते. बिल घेतलं, १,८०० चं, तेही जोडलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सेन्सर विहिरीत सोडला. दोरीला गाठी मारून टेपनं मोजलं आणि मेसेजमधला आकडा पाहिला, दोनतीन इंचाचा फरक येतो, चालते. बाबाच्या फोनवर पहिला मेसेज आला तेव्हा ते चौकात होते, चारचौघांना दाखवला, आता अजून दोघं म्हणून राहिले आमच्याही विहिरीत टाकून दे. डब्याला स्क्रू बाहेरूनच ठेवलेत, साध्या पेचकसानं उघडते, आणि वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आतून चिकटवला आहे.

बाकी काम: सिंगल फेज प्रिव्हेंटर परत जोडायचा (बाबा नसताना). सिमचा रिचार्ज संपतो २० तारखेला. आयोगानं तक्रार दाखल करून घेतली, कंपनीला नोटीस गेली, त्यांचं उत्तर यायचं आहे. आलं की त्यात धोरण हा शब्द किती वेळा आहे तो आकडा इथं टाकतो.